अलिशानची वनगाडी

'अलिशान' हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एखादा आलीशान वाडा उभा राहतो. परंतु या नावाचा त्या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. चिनी भाषेत 'शान' म्हणजे पर्वत. तैवान बेटावरील उंच डोंगरांच्या एका रांगेचे हे नाव आहे. तरीही या पर्वतावर एके काळी जे वैभव उभे होते, ते पाहिले असते तर 'आलीशान' हाच शब्द ओठांवर आला असता. ते वैभव सोन्याचे वा संगमरवराचे नव्हते. ते वृक्षांचे होते. सायप्रस जातीचे हे सूचिपर्णी वृक्ष कित्येक शतके त्या धुक्यात उभे होते. त्यांचे लाकूड सुगंधी, टिकाऊ आणि सहसा कीड न लागणारे. गुण हेच कधीकधी घाताचे कारण होते, याचा प्रत्यय या वृक्षांना लवकरच यायचा होता.

१८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. त्या पर्वतांतून त्सोउ नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत हिंडत असत. त्यांच्यासाठी अरण्य म्हणजे घर होते. नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते लाकडाचे कोठार ठरले. कोठार भरलेले होते, परंतु त्याचे दार दोन हजार मीटर उंचीवर होते. अवाढव्य ओंडके तेथून खाली आणायचे कसे? कावाई शितारो या जपानी वनशास्त्रज्ञाने त्या रानाची पाहणी केली आणि लोहमार्ग बांधण्याचा विचार पुढे आला. १९०६ मध्ये एका खाजगी कंपनीने काम हाती घेतले; पण डोंगराने तिचे हात टेकवले आणि १९०८ मध्ये तिने ते सोडून दिले. १९१० मध्ये सरकारने काम आपल्याकडे घेतले. १९१२ च्या डिसेंबरात गाडी अर्व्हानपिंगपर्यंत पोहोचली आणि १९१४ मध्ये ती अलिशानला जाऊन भिडली.

सपाटीवरील च्यायी या गावापासून अलिशानपर्यंतचे अंतर सुमारे ७१ किलोमीटर. एवढ्या अंतरात गाडी समुद्रसपाटीपासून ३० मीटरांवरून २,२१६ मीटरांवर चढते. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रूळ अरुंद असले की गाडीला अवघड वळणे घेता येतात आणि डोंगरही कमी फोडावा लागतो. वाटेत तुलीशान नावाचा एकांडा डोंगर आडवा येतो. त्याला वळसा घालून पुढे जावे, तर चढ फार तीव्र होतो. म्हणून अभियंत्यांनी लोहमार्गच त्या डोंगराभोवती सापाच्या वेटोळ्यांप्रमाणे गुंडाळला. गाडी वर वर जाते आणि खालचे तेच स्थानक प्रवाशांना पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक लहान होऊन दिसते. त्या स्थानकाच्या नावाचा अर्थ 'कापूर काढणाऱ्यांची झोपडी' असा आहे. कापराचा उद्योग केव्हाच विरून गेला, नाव मात्र मागे राहिले!

त्याहून वर डोंगराला वेटोळे घालण्याइतकीही जागा उरत नाही. तेथे गाडी सरळ जाते, डोंगरापाशी थांबते आणि दुसऱ्या रुळावरून उलट दिशेने वर सरकते. पुढे असलेला डबा मागे होतो, मागचा पुढे. 'अलिशानची गाडी भिंतीवर आपटते' असे तिकडचे लोक गमतीने म्हणतात. चढताना इंजिन डब्यांच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूला असते. ते गाडीला ओढत नाही, ढकलते. आणि एखादा डबा सुटलाच तर त्याला आपल्या अंगावर झेलण्यास सिद्ध असते.

त्या काळची इंजिनेही आगळीच. अमेरिकेतील एफ्राइम शे नावाच्या लाकूडव्यावसायिकाने जंगलातील वेड्यावाकड्या मार्गांसाठी त्यांची रचना शोधून काढली होती. त्यांचे सिलिंडर एका अंगाला उभे असत आणि दांतेरी चाकांच्या साहाय्याने सारी शक्ती प्रत्येक चाकापर्यंत पोहोचत असे. वेग थोडा, पण बळ अचाट. अशी वीस इंजिने अलिशानच्या मार्गावर राबली. वर जाताना रिकामे डबे, खाली येताना ओंडक्यांनी वाकलेले डबे, असा त्यांचा दिनक्रम होता. च्यायीत मोठी लाकूडकापणी गिरणी उभी राहिली आणि ते लहान गाव लाकडाचे नगर बनले.

पुढे १९२० च्या सुमारास गाडीला प्रवाशांचे डबेही लागले. मधल्या फेन्चिहू स्थानकावर इंजिने कोळसा-पाणी घेत आणि चढत्या-उतरत्या गाड्यांची गाठ पडे. वेळ नेमकी दुपारच्या जेवणाची! स्थानकाबाहेर भाताचे डबे विकणाऱ्यांची गर्दी उडे. डोंगरातल्या त्या गावाची चूल गाडीच्या शिट्टीवर पेटत असे, असे म्हटले तरी चालेल.

गाडी चालत राहिली आणि अरण्य विरळ होत गेले. तोडणाऱ्यांच्या मनालाही हे कोठेतरी बोचले असावे. १९३५ मध्ये अलिशानवर एक दगडी स्तंभ उभारण्यात आला. तोडलेल्या वृक्षांच्या आत्म्यांना शांती लाभावी, हा त्याचा हेतू. त्याच्या पायथ्याशी असलेली वर्तुळे वृक्षाच्या खोडातील वर्षवलयांची आठवण देतात. ज्या हातांनी कुऱ्हाड चालवली, तेच हात तेथे जोडले गेले. पण हात जोडून झाल्यावर कुऱ्हाड खाली ठेवली गेली नाही. १९४५ मध्ये जपानी राज्य संपले, राज्यकर्ते बदलले, तरी लाकूडतोड चालूच राहिली. ती १९६३ च्या सुमारास सरली, आणि त्याचे एक कारण तरी अगदी साधे होते: तोडण्यासारखे फारसे उरले नव्हते.

जिच्या जन्माचे प्रयोजन संपले, त्या गाडीने आता काय करावे? उत्तर प्रवाशांनी दिले. उरलेली झाडे, धुके आणि ढगांच्या समुद्रावर उगवणारा सूर्य पाहण्यासाठी लोक येऊ लागले. १९८२ मध्ये डोंगरावर मोटारींचा रस्ता झाला आणि गाडीचे प्रवासी घटले; तथापि १९८६ मध्ये चूशान शिखरापर्यंत नवा फाटा काढून सूर्योदयाची गाडी सुरू करण्यात आली. तिचे वेळापत्रक सूर्यालाच विचारून ठरते, कारण सूर्योदयाची वेळ बदलली की गाडीची वेळही बदलते.

या मार्गाच्या कडेला एक प्रचंड सायप्रस उभा होता. लोक त्याला 'देववृक्ष' म्हणत. हजारो झाडे पडली, पण तो राहिला. १९५६ मध्ये त्याच्यावर वीज कोसळली आणि तो मेला. तरीही त्याचा सांगाडा कित्येक वर्षे उभा होता. तो हिरवा दिसावा म्हणून त्याच्या माथ्यावर रोपेही लावण्यात आली. १९९७ मध्ये पावसात त्याचा एक भाग ढासळला आणि १९९८ मध्ये उरलेले खोड सावधपणे आडवे करण्यात आले. त्याचे लाकूड कोणी विकले नाही. ते तेथेच, रुळांशेजारी, मातीत मिसळण्यासाठी ठेवून दिले आहे. ज्या मार्गावरून असंख्य ओंडके खाली गेले, त्या मार्गावर या एका ओंडक्याला डोंगरावरच राहण्याचा मान मिळाला.

गाडीचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. २००९ च्या ऑगस्टमध्ये मोराकोट या वादळाने मार्ग शेकडो ठिकाणी उद्ध्वस्त केला. २०११ च्या एप्रिलमध्ये एका झाडाची फांदी चालत्या गाडीवर कोसळली, डबे घसरले आणि पाच प्रवासी प्राणांस मुकले. २०१५ च्या वादळात एक बोगदा निकामी झाला. वरच्या टोकाचे लहान फाटे चालत होते, खालून गाडी फेन्चिहूपर्यंत येत होती. पण मधला दुवा तुटलेला होता. रस्ता असताना एवढा खर्च करून जुना लोहमार्ग सांधायचा कशाला, हा प्रश्न कोणाच्याही मनात येण्याजोगा होता. त्यावर केवळ हिशेबाने उत्तर देता येत नाही. काही गोष्टी उपयोगासाठी जपल्या जातात, तर काही आठवणीसाठी. एक किलोमीटरहून अधिक लांबीचा नवा बोगदा खोदण्यात आला आणि २०२४ च्या जुलैमध्ये, सुमारे पंधरा वर्षांनी, गाडी पुन्हा च्यायीपासून अलिशानपर्यंत धावली.

आज रोजचे काम डिझेलची इंजिने करतात. जुन्या वाफेच्या इंजिनांपैकी काही दुरुस्त करून विशेष प्रसंगी चालवली जातात. रूळ त्याच वाटेने जातात, चढही तोच आहे. पूर्वी गाडी रिकामी वर जाई आणि अरण्य घेऊन खाली येई. आता ती माणसांना वर घेऊन जाते आणि अरण्य जागच्या जागी ठेवून परतते. केलेली हानी यामुळे भरून आली, असे म्हणता येणार नाही. सहस्र वर्षांचा वृक्ष सहस्र वर्षांखेरीज उभा राहत नाही. परंतु ज्या वाटेने लोभ चढून गेला, त्याच वाटेने आदरही चढून जाऊ शकतो, एवढे मात्र ही छोटी गाडी दररोज, चढावर धापा टाकीत, सिद्ध करीत असते.