वाटेतली दलाली

वडिलांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून दोन्ही स्पीकर त्यांच्या पलंगाशी न्यायचे ठरले. स्टिरिओ मात्र दिवाणखान्यातल्या शोकेसमधून हलवायला आमच्या गृहखात्याची परवानगी नाही. अंतर १० मीटर. दुकानदाराने केसासारखी वायर दाखवली. "आवाज जातो हो!" जातो, पण वाटेत दलाली कापून! तांब्याची १ चौरस मिलिमीटरची घ्या. जाऊन-येऊन २० मीटरला रोध जेमतेम ०.३५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला एवढं कमिशन खपतं. जोडाला डाख द्या, नुसती वेणी घालू नका. आणि दोन्हीकडे लालला लालच! एकाचं उलटं झालं, की दोघे भाऊबंदांसारखे एकमेकांना कापतात. तबला ऐकू येतो, डग्गा बेपत्ता.

परवा भीमसेन लावले. तीन वर्षांत पहिल्यांदाच वडील म्हणाले, "आवाज जरा बारीक कर रे!"