अपेक्षित प्रश्न

परीक्षेचे नाव काढले की आजही माझ्या पोटात गोळा उठतो. वास्तविक तीस वर्षे मी मुरबाड तालुक्यात मास्तरकी केली. गोळा उठायचा तर तो मुलांच्या पोटात. पण आमच्यापाशी एक रामबाण उपाय असे. मागल्या प्रश्नपत्रिका चाळायच्या, वीसेक अपेक्षित प्रश्न काढायचे आणि उत्तरे पोरांकडून घोकून घ्यायची. निकाल झकास लागे. मुलांना खरोखर काय येते, हे विचारण्याचे धाडस मात्र मी कधी केले नाही.

यंदा आमच्या धाकटीने सीसीएनएची परीक्षा द्यायचे मनात घेतले. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, आणि बोलेनासे झाले तर काय करावे, याची ही सिस्को कंपनीची परीक्षा. वेळ १२० मिनिटे. एकदा पुढे सरकले की मागच्या प्रश्नाकडे वळायची सोय नाही. फी ३०० डॉलर, आणि नापास झाल्यास ती पुन्हा भरायची! रुपयांत हिशेब केला तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. भात विकून आलेले पैसे त्यात जायचे होते.

साहजिकच माझ्यातला मास्तर जागा झाला. शेजारच्या मुलाकडे परीक्षेतले प्रश्न उत्तरांसकट भरलेला पेनड्राइव्ह होता. तो मी मोठ्या प्रेमाने घेऊन आलो. धाकटीने त्याला हातसुद्धा लावला नाही.

"बाबा, हे चोरीचे प्रश्न. उघडकीला आले तर प्रमाणपत्र रद्द होते."

"आणि आलेच नाही तर?" मी विचारले. या वाक्याची लाज मला जरा उशिराच वाटली.

"तर नोकरी लागेल. मग एक दिवस एखाद्या इस्पितळाचे जाळे बंद पडेल, आणि तिथे अपेक्षित प्रश्न नसतील."

तेव्हापासून मी तिचा अभ्यास मुकाट्याने पाहू लागलो. पुस्तक एकच. व्हिडिओ बघायची, पण तो संपला की तेच स्वतः करून पाहायची. जुने राउटर घ्यायला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचा बेत झाला होता. तो तिनेच मोडला. पॅकेट ट्रेसर नावाचे सिस्कोचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात पडद्यावरच राउटर मांडावेत, तारा जोडाव्यात, तोडाव्यात. खऱ्या यंत्राच्या सगळ्या आज्ञा त्यात चालत नाहीत, पण सुरुवातीला तेवढे पुरते. म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा दात बघतो, पण चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही, तसेच हे.

एकदा मी विचारले, "हा सबनेट मास्क काय प्रकार आहे?" तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. "२५६ पत्त्यांचे शेत धरा. बांध घालून चार खाचरे केली, तर प्रत्येकात ६४. पण पहिला पत्ता खाचराच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा. वापरायला उरले ६२." मला पटले. बांधाखाली जमीन जाते, हे आम्हां भातवाल्यांना काय सांगावे!

पुढे तिने मलाच कामाला लावले. रात्री ती झोपली की मी पडद्यावरच्या जाळ्यात एक चूक करून ठेवायची, आणि सकाळी तिने ती हुडकायची. कुठे बोट घालायचे ते तिनेच शिकवले. मी कधी पत्त्यातला एक आकडा बदली, कधी तार काढी. जन्मभर लाल शाईने चुका सुधारल्या, आता त्या करायला बसलो! ती 'पिंग' पाठवी. म्हणजे साद घालायची आणि प्रतिसाद कुठवर येतो ते पाहायचे. पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून माईक मूस याने १९८३ साली दिलेले हे नाव. प्रतिसाद जिथे थांबे, तिथून धाकटी खोदू लागे. आधी तास लागे. दसऱ्यापर्यंत दहा मिनिटांवर आले.

परवा रात्री वीज गेली, म्हणून मी चूक न करताच झोपलो. सकाळी धाकटी अर्धा तास पडद्यापुढे बसली होती. मग चहाचा कप घेऊन माझ्यासमोर आली.

"बाबा, आज चूकच नाही."

"नक्की?"

"नक्की. दोनदा तपासले."

माझ्या वर्गातले एकही पोर असे म्हणाले नसते. मास्तरांनी विचारले म्हणजे काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे, असे मीच त्यांना शिकवले होते.

तिची परीक्षा दिवाळीनंतर आहे, आणि माझ्या पोटातला गोळा जागच्या जागी आहे. पेनड्राइव्ह मात्र काल शेजारी नेऊन दिला, आणि येताना त्या मुलालाही सकाळच्या चहाला बोलावले. आता दोघांसाठी दोन निराळ्या चुका शोधायच्या म्हणजे मला रात्र पुरत नाही.