पॅटर्नवाली कांदिवली

अननसवाल्याला अननस सोलताना कधी नीट बघितलंय? साल काढल्यावर तो एकेक ‘डोळा’ उकरत बसत नाही. सुरी तिरकी धरतो आणि गोल फिरत जाणारा चर पाडून अख्खी रांग काढून टाकतो. हे डोळे साधारणपणे एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १३ रांगांत वळत जातात. फिबोनाची सिरीजमधलेच आकडे! आमच्या कांदिवली स्टेशनबाहेरच्या अननसवाल्याने ही सिरीज शिकली असेल-नसेल, सुरी मात्र बरोबर त्याच वाटेने जाते.

सध्या मला असल्या पॅटर्नचे फोटो काढायचा नाद लागलाय. कॅमेरा मोबाइलचाच. आणि त्यासाठी लडाख गाठायची गरज नाही, बॉस! चारकोपला या. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने इथे छोटे छोटे प्लॉट पाडून दिले, घरं लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधली. आखणी एकसारखी, पण दर दाराला वेगळी फरशी, वेगळा रंग, वेगळी ग्रिल.

ग्रिलवरून आठवलं. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक जर्मन शिक्षक बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना नक्षीकाम शिकवताना झाडांचे कोंब, वेलींची टोकं कित्येक पटींनी मोठी करून दाखवायचे. १९२८ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं. त्यातला नेच्याचा गुंडाळलेला कोंब पाहिला, की थेट आपल्या बाल्कनीतली लोखंडी वेलबुट्टी आठवते.

आमची बिल्डिंग आता रीडेव्हलपमेंटला चाललीय. मी खिडक्यांचे फोटो काढत सुटले, तेव्हा आई म्हणाली, “अगं, भंगारात जाणाऱ्या ग्रिलचे कसले फोटो काढतेस?” तिला स्क्रीनवर झूम करून दाखवलं. लांबून सगळी वर्तुळं सेम टू सेम. जवळून बघाल तर एकही दुसऱ्यासारखं नाही, कारण सळ्या कुणीतरी हाताने वाकवल्यात. तिसऱ्या रांगेतलं एक तर चक्क चपटं! “त्यावर पाय देऊन तू वर चढायचीस,” आई म्हणाली आणि जरा वेळ काहीच बोलली नाही.

तुमचीही बिल्डिंग पाडायची असेल, तर सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीसमोर सरळ उभे राहा आणि फ्रेम काठोकाठ भरा. वाळत घातलेला टॉवेल मध्ये आला तर येऊ द्या. फोटोत घर दिसतं ते त्यामुळेच.

नव्या फ्लॅटला स्लायडिंग विंडो आहेत. त्याच्या हॉलमध्ये लावायला आईने एकच फोटो मागितलाय. चपट्या वर्तुळाचा.