शून्य रुपयांचे तिकीट

आम्ही म्हसळा तालुक्यातले. माझी खाला मुरूडला दिलेली. दोन गावांच्या मधे राजपुरीची खाडी. म्हसळ्याहून एसटीने दिघी, दिघीहून बोटीने आगरदांडा आणि तिथून पुन्हा एसटीने मुरूड. सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोहोचतो. तरीही २०२२ साली सहज हिशोब केला, तेव्हा लक्षात आले की अम्मी आपल्या सख्ख्या बहिणीला चार वर्षांत भेटलेली नाही.

आधी कोरोना आला. मग २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. ही दोन कारणे मी स्वतःला सांगत होतो. तिसरे कारण मला फार उशिरा कळले.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. शाळेतून घरी येताच मी अम्मीला ही बातमी दिली. मला वाटले, ती खूश होईल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको बेटा. आजवर कुणाच्या फुकटात बसले नाही, आता या वयात कशाला?"

अम्मीचा स्वभाव मला ठाऊक आहे. अब्बा जहाजावर होते. त्यांच्या पश्चात तिने शिवणाच्या मशीनवर आम्हा तिघा भावंडांना वाढवले. शेजारून वाटीभर साखर आणली, तर दुसऱ्या दिवशी भरलेली वाटी परत जायची. अशा बाईला 'फुकट' हा शब्द शिवीसारखाच वाटणार.

त्याच आठवड्यात इंग्लंडहून माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याच्या कानावर ही गोष्ट घातली तेव्हा तो हसला. म्हणाला, "फुफी, इथे २००८ पासून सगळ्या देशात म्हाताऱ्यांना आणि अपंगांना बसचा पास मोफत आहे. सकाळी साडेनऊनंतर बस पाहा, पास दाखवून चढणाऱ्यांची रांग असते. निवृत्त मास्तर असतो, बँकेतला साहेब असतो. कुणी मान खाली घालत नाही."

मी तिला हजरत उमर (रजि.) यांचा तो प्रसंगही सांगितला, जो मी वर्गात मुलांना सांगत असतो. एक वृद्ध, अंध यहुदी दारोदार मागताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेले, काही दिले आणि मग बैतुल मालमधून त्याची कायमची सोय लावली. ज्याच्या तरुणपणी त्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे, असा त्यामागचा विचार. अम्मी, तू मशीन चालवलीस, धागा घेतलास, तेल घेतलेस, प्रत्येक वस्तूवर कर भरलास. मग हे फुकट कसे? ही खैरात नाही, हा हक आहे.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हक असेल, तर कागदही खरा हवा."

अडचण नेमकी तिथेच होती. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती ०१/०१/१९५१. कार्ड काढताना कुणीतरी अंदाजाने वय विचारले, कुणीतरी अंदाजाने सांगितले आणि १ जानेवारी पडली. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांची कार्डे काढून पाहा, कितीतरी जण १ जानेवारीलाच जन्मलेले सापडतील. कागदावर अम्मी ७१ वर्षांची होती. म्हणजे तिला ६५ ते ७५ वयोगटाचे अर्धे तिकीट मिळत होते, मोफत नाही.

खरे वय घरात सगळ्यांना माहीत होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दर्याने घेतली. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसाची आठवण आजही घरोघरी आहे. नानी सांगायची, रामदास बुडाल्याची खबर आली तेव्हा ही माझ्या कुशीत दीड महिन्याची होती. पण नानीच्या आठवणीवर कोणत्या खिडकीवर शिक्का मिळणार?

एका केंद्राबाहेर एक जण भेटला. "थोडा खर्च करा सर, पाहिजे ते साल टाकून देतो." खरे सांगतो, मी क्षणभर डगमगलो. वय तर खरोखरच पंचाहत्तर होते, मग कागद कसाही मिळाला तर बिघडले कुठे? घरी येऊन अम्मीला विचारले. ती म्हणाली, "खऱ्या गोष्टीला खोटी साक्ष कशाला?" विषय तिथेच मिटला.

मग मास्तरकीच कामी आली. अम्मी गावच्या उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकली होती. शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक चीज असते. इमारत बदलते, मास्तर बदलतात, पण रजिस्टर सांभाळले जाते. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून कुलाबा जिल्ह्याच्या काळातले रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर घाईतले उर्दू. दोन दुपारी गेल्या, तेव्हा एका ओळीवर माझे बोट थांबले. अम्मीचे नाव, नानांचे नाव आणि जन्मतारीख १ जून १९४७. शाळेत नाव घालताना १ जून लिहायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण इथे नानीचा दीड महिनाही बरोबर जुळत होता. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला १ जून १९४८ रोजी सुटली. म्हणजे आमची अम्मी एसटीपेक्षा बरोबर एक वर्षाने मोठी!

शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, अर्ज गेला, काही महिन्यांनी दुरुस्त कार्ड आले. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून एकेक अंक तीनदा तपासला होता.

२०२३च्या पावसाळ्याआधी आम्ही दोघे निघालो. कंडक्टरने कार्ड पाहिले, मशीनमधून तिकीट काढून अम्मीच्या हातात दिले. तिने ते चष्म्याजवळ नेऊन वाचले. "यावर शून्य लिहिलंय." मागच्या बाकावरचा एक तरुण पुटपुटला, "सगळ्या जागा फुकटवाल्यांनीच अडवल्यात." अम्मीचा चेहरा उतरला. पण कंडक्टर थांबला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, या तिकिटाचे पैसे सरकार एसटीला भरतं. म्हणून तर तिकीट फाडतो मी. तुमच्यासारख्याच त्यापण माझ्या प्रवासी आहेत." अल्लाह त्या माणसाचे भले करो.

दिघीला बोटीचे तिकीट मात्र काढावे लागले. सवलत एसटीची, खाडीवर ती चालत नाही. राज्याच्या हद्दीपलीकडे चालत नाही, आणि शहरांतल्या सिटी बसलाही लागू नाही.

बोटीवर वारा होता. अम्मी कठड्याला धरून बसली होती. मी सहज म्हटले, "अम्मी, अर्धे तिकीट तर आधीपासून होते. मग इतकी वर्षे गेली का नाहीस?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "अर्धं असलं तरी मागावं तुझ्याकडेच लागत होतं ना. मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं दिसतं मला. बहिणीला भेटायचंय म्हणून पैसे दे, हे तोंडातून निघत नव्हतं."

हे तिसरे कारण. मी मास्तर, दर महिन्याला पगार घेणारा. अम्मीने मागितले असते, तर मी कधी नाही म्हटले नसते. पण न मागता देण्याचे मला सुचले नाही, आणि मागणे तिला जमले नाही. आई-वडिलांपुढे 'उफ'सुद्धा न करण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मी उफ केले नव्हते. फक्त विचारले नव्हते.

त्यानंतर अम्मी कधी माझ्याबरोबर, कधी माझ्या मुलीबरोबर जाऊ लागली. एकदा तर शेजारणीला घेऊन गेली आणि मला आदल्या रात्री फक्त कळवले, "उद्या मुरूडला जातेय." त्या वाक्यात परवानगी मागितलेली नव्हती. मला फार बरे वाटले.

आता मी शाळेतही चौकशी करतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला पायाने अधू असूनही सवलतीचा पत्ताच नव्हता. ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असेल तर एसटीत तिकिटाच्या ७५ टक्के सवलत असते, आणि ते ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मे तिकीट. तिचे वैश्विक ओळखपत्र काढून दिले. तिच्यासाठी गाडीची पहिली पायरी आजही उंचच आहे, ती काही कार्डाने खाली येत नाही. तिथे आपण हात द्यायचा असतो.

वाचकांना एवढीच विनंती, आज घरातल्या बुजुर्गांची कार्डे काढून बघा. तारीख चुकली असेल तर जुन्या शाळेत जा. आणि त्यांना विचारा, तुम्हाला कुणाला भेटायचे आहे?

गेल्या हिवाळ्यात खालाचा इंतकाल झाला. जनाजा उठायच्या आधी आम्ही पोहोचलो. परत आल्यावर अम्मीने बिस्किटाचा डबा उघडला. त्यात रबर लावून ठेवलेली तिकिटे होती. मी मोजली, २४. म्हणजे खाला हयात असताना सहा वेळा जाणे-येणे झाले. बहुतेकांवरची शाई उडून गेली आहे, शून्यसुद्धा दिसत नाही. मी म्हटले, "आता ही टाकून देऊ का?"

"राहू दे," अम्मी म्हणाली आणि डबा बंद केला.