पोलादपूर ते गुलमर्ग : एका दिवसाचा प्रवास

आमच्या महाड-पोलादपूरकडील मागल्या पिढ्यांस मुंबई गाठावयाची म्हणजे एक मोहीमच असे. दासगावच्या बंदरात होडीत बसावे, सावित्रीच्या खाडीतून बाणकोटास यावे, आणि तेथे आगबोटीची वाट पाहावी. पावसाळ्यात तर तोही मार्ग बंद. पुढे मोटारीचा रस्ता झाला, आणि १९९३ साली कोकण रेल्वेची गाडी महाडनजीकच्या वीर स्थानकापर्यंत येऊ लागली. तरी घरातील वडील मंडळी अंतरे मोजतात ती जुन्याच मापाने. तेव्हा आमच्या घरची अकरा माणसे मध्यरात्री पोलादपूरहून निघाली आणि दुसरी रात्र पडावयाच्या सुमारास काश्मिरात गुलमर्गच्या बर्फात उभी राहिली, हे सांगितले म्हणजे ऐकणारा प्रथम आमच्या तोंडाकडे पाहतो. गुलमर्गची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्हांस लिहावयाचे आहे ते या मधल्या दिवसाविषयी.

जाण्याचे निमित्त आमची पुतणी. ही मुलगी पुण्यास शिकते, आणि तिने बर्फावर स्की खेळण्याचा ध्यास घेतला. दोन्ही पायांना लांब, अरुंद, पुढे वर वळलेल्या पट्ट्या बांधावयाच्या, हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यावयाचे, असा हा खेळ. आपल्या देशात त्याचे माहेर म्हणजे गुलमर्ग. तेथे इंग्रज मंडळींनी १९२७ साली स्की क्लब स्थापन केला, आणि १९६८ च्या सुमारास केंद्र सरकारने हा खेळ व गिर्यारोहण शिकविणारी संस्थाही तेथेच काढली. १९२७ हे साल वाचताच महाडकर मनुष्य क्षणभर थबकतो. त्याच वर्षी मार्चच्या २० तारखेस आमच्या गावच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसांस चालत जावे लागले, आणि ती माणसे परतल्यावर आमच्यासारख्यांच्याच पूर्वजांनी त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. एकीकडे बर्फावर खेळ चालला होता, एकीकडे पाण्याच्या एका घोटासाठी डोकी फुटत होती. मुलांस गुलमर्गचे साल सांगितले तर महाडचेही सांगावे, म्हणून आम्ही ते सांगितले.

मातोश्रींचे वय एक्याऐंशी. त्या येतो म्हणाल्या तेव्हा घरात खरा वाद पेटला. आमच्या वडिलांनी महाडास तीस वर्षे भूगोल शिकविला. हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव हे शब्द त्यांनी किती वर्गांच्या फळ्यांवर लिहिले असतील त्याची गणती नाही; पण बर्फ त्यांनी पाहिला तो माशांच्या पेटीतला आणि सरबताच्या गाडीवरला. “ते गेले न पाहता, मी तरी पाहून येते,” एवढेच मातोश्री म्हणाल्या. डॉक्टरांनी छाती तपासून गुलमर्गपर्यंत जाण्यास परवानगी दिली. त्याहून वर, म्हणजे रज्जुमार्गाने जाऊ नये, अशी ताकीद दिली. दुसरा वाद त्याहून कठीण होता. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांतील सहा महाराष्ट्रातील, आणि त्या सहांतील एक आपल्याच रायगड जिल्ह्यातले, पनवेलचे. तेही आमच्यासारखेच मौजेला गेले होते. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतो, ते स्पष्टच म्हणाले, की ज्या वाटेने शेजारची माणसे परत आली नाहीत त्या वाटेने पोरांना नेण्यात कसले शौर्य? पोलादपूरच्या काकूंनी तर अन्न गोड लागत नाही असे निरोप धाडण्यास आरंभ केला.

यावर मातोश्री जे बोलल्या ते आम्ही विसरणार नाही. “२०१६ च्या पावसात सावित्रीचा पूल पडला, त्या रात्रीच्या एस.टी.तली माणसे काय काश्मिरास निघाली होती? एकवीस साली तळियेस दरड आली, ती माणसे तर आपल्या घरात होती.” दादा गप्प झाले. त्यांचे समाधान झाले होते असे नव्हे. पण तळियेच्या ऐंशींहून अधिक माणसांपुढे आमच्याकडचा कोणी बोलू शकत नाही. विमानाची तिकिटे काढली गेली. भय गेले नाही, ते बरोबर घेऊन निघावयाचे ठरले, इतकेच.

माघ महिन्यात आम्ही निघालो. दादांच्या घरून, पोलादपुराहून, भाड्याची मोठी मोटार रात्री बारास सुटली. गुडघ्यांमुळे काकू मागे राहिल्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर दही घातले आणि “पोचल्याबरोबर फोन” हे वाक्य अकरा वेळा उच्चारले. सावित्रीच्या नव्या पुलावर मोटार आली तेव्हा नेहमीप्रमाणे सर्वांचे हात आपोआप जोडले गेले. जुना पूल वाहून गेल्यावर वर्षाच्या आत हा उभा राहिला. महाडास आमच्या दारात मातोश्री शाल पांघरून पायरीवर बसूनच होत्या. त्यांच्या पिशवीत काय काय होते हे तेव्हा कोणी पाहिले नाही.

महाड ते मुंबई हा रस्ता कित्येक वर्षे रुंद होतोच आहे. त्याविषयी कोकणातील माणसाने लिहू लागावे तर मासिकाचा अंक पुरावयाचा नाही. माणगाव, कोलाड, नागोठणे, पेण ही गावे अर्धवट झोपेत मागे पडली. पनवेल आले तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. मुले जागी होती. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी धाकट्यास जवळ ओढून घेतले, आणि दिव्यांची ती रांग संपेपर्यंत मोटारीत फक्त यंत्राचा आवाज होता.

मुंबईच्या विमानतळावर मातोश्रींची पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून गेली आणि थांबली. तीतून निघाला पितळी अडकित्ता. तपासणीवरील मुलीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. हे काय आहे असे तिने अगदी आदराने विचारले. सुपारी कातरून दाखविण्याची मातोश्रींची तयारी होती, परंतु धारेची वस्तू बरोबर नेता येत नाही. साठ वर्षे कमरेला असलेला तो अडकित्ता तेथेच राहिला. “राहू दे. सुपारी फोडून आणायला हवी होती,” असे म्हणून त्या पुढे गेल्या. त्याआधी वहिनींच्या पेटीतून खोबऱ्याच्या वाट्या निघाल्याच होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते तापून पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून आपल्या देशात ते विमानाच्या सामानात चालत नाही. कोकणातील गृहिणींनी हे ध्यानात ठेवावे. खोबऱ्याची चटणी घरी करून काय ते खाऊन निघावे.

विमान सुटावयाची वेळ पावणेनऊची. श्रीनगरास हिमवृष्टी होऊन दृष्टी चालत नाही, असे कळले, आणि ते सुटले बारास. या सव्वातीन तासांत आमचे एकत्र कुटुंब म्हणजे काय चीज आहे, हे मुंबईच्या विमानतळाने पाहिले. दादांनी कोपरा धरून चादर अंथरली. तिळाच्या वड्या, दशम्या, लसणीचे तिखट बाहेर पडले. शेजारच्या एका परदेशी गृहस्थांस दशमीचा आग्रह झाला व त्यांनी ती खाल्ली. चार घरांत, चार गावांत विभागलेली आम्ही भावंडे गणपतीतसुद्धा एकमेकांस धड भेटत नाही, कारण तेव्हा पाहुण्यांची वर्दळ असते. त्या दिवशी कोणास कोठे जावयाचे नव्हते. वाटणीच्या वरकस जमिनीविषयी तीन वर्षे अडलेले बोलणे दादा आणि धाकटे बंधू यांच्यात तेथे, प्रवाशांच्या खुर्च्यांमध्ये, सहज झाले आणि मिटलेही. उशिराबद्दल लोक संतापत होते. आम्ही मात्र त्या धुक्याचे ऋणी आहोत.

विमान वर चढले. टाटांनी १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान उतरविले, त्या विमानात टपालापुढे माणसास जागा नव्हती. आता एका विमानात आमच्या आळीएवढी वस्ती बसते. दोन तास खाली गुजरात-राजस्थानची पिवळी-तांबूस जमीन, मग पंजाबची हिरवी चौकटी. त्यानंतर ढग फाटले आणि पीर पंजालची रांग आली. मातोश्री खिडकीशी होत्या. आमच्याकडील डोंगर वर चढतात आणि माथ्यावर सपाट होतात. हे डोंगर वर चढून टोकदार होतात आणि एकामागे एक उभेच असतात, संपत नाहीत. मातोश्रींनी काच हाताने पुसली. ती बाहेरून धुरकट होती, पुसून जाण्यासारखी नव्हती.

मुलांनी तोवर हिशोब मांडला होता. श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५५ मीटरवर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमान खाली उतरते ते कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर! आणि गुलमर्ग २,६५० मीटर. रायगडावर रायगड असे तीन रचले तरी तेथवर पोहोचत नाहीत. महाडच्या खाडीकाठचे आम्ही, एका दिवसात एवढे वर.

विमानतळाबाहेर आलो तो तीन वाजून गेलेले. थंडी नाकात शिरली. दादांनी काकूंस कळविण्यासाठी फोन काढला, तो मुका. बाहेरच्या राज्यातील आगाऊ पैसे भरलेले फोन काश्मिरात चालत नाहीत, महिन्याच्या बिलाचे तेवढे चालतात. घाईत सर्वांचे फोन पाहिले. बिलाचा होता तो धाकट्या बंधूंचा, आणि तो विमानतळावरील खेळांत मुलांनी पार रिकामा केलेला. दादांचा चेहरा उतरला. पोलादपुरास काकू देवापुढे बसून असतील हे प्रत्येकास दिसत होते. आमच्या मोटारीचा चालक पन्नाशीचा, अंगात गुडघ्यांखाली येणारे फेरन, त्याच्या आत वेताच्या टोपलीतली मातीची शेगडी, म्हणजे कांगडी. त्याने काही न विचारता आपला फोन पुढे केला.

काकूंनी अनोळखी आकडा पाहून घाबरत फोन घेतला असावा. दादा बोलले, पण त्यांचा विश्वास बसेना. माणसे मोजून सांग, म्हणाल्या. मोजून सांगितली. मग ज्याचा फोन आहे त्यास द्या, म्हणाल्या. चालकाने फोन कानाशी धरला. काकूंचे हिंदी म्हणजे मराठीच, क्रियापद तेवढे बदललेले. त्यांनी त्यास काय विचारले ते आम्हांस त्याच्या उत्तरावरून कळले. “नहीं माँजी, अभी नहीं खाया. इन सबको पहुँचाकर खाऊँगा.” वहिनींनी उरलेल्या दशम्यांची पुरचुंडी त्याच्या पुढ्यात ठेवली. दादांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहावयास सुरुवात केली.

मागमहून टंगमर्गपर्यंत सफरचंदांच्या निष्पर्ण बागा आणि उंच पॉपलर. चालकाने सांगितले की आता ‘चिल्लई खुर्द’ चालू आहे. तिकडे थंडीचेही नक्षत्रांसारखे हिशोब आहेत : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची मोठी चिल्लई, मग वीस दिवसांची धाकटी, आणि शेवटी दहा दिवसांची बाळचिल्लई. मृग-आर्द्रा मोजणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने ते ऐकले असते तर मान डोलविली असती. पुरे झाले म्हणता म्हणता जाता न जाणाऱ्या पाहुण्याचे वर्णन दोन्हीकडे सारखेच.

टंगमर्गास सहा वाजले. येथून गुलमर्ग तेरा किलोमीटर, सारा चढ, आणि रस्त्यावर ताजा बर्फ. चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. अंधार पडत होता. दादा म्हणाले, येथेच मुक्काम करू, आईला रात्रीचे वर नेणे नको. त्यांचे म्हणणे वाजवी होते. आम्ही चालकास विचारले. तो बाहेर उतरून रस्त्याचा बर्फ बुटाने दाबून पाहून आला, आभाळाकडे पाहिले, आणि म्हणाला, आज जाता येईल, उद्याचे सांगवत नाही. मातोश्रींस विचारले. त्यांचा श्वास थोडा जलद चालला होता हे आम्हांस दिसत होते, त्यांसही ठाऊक होते. “हळू चालव म्हणावे,” त्या म्हणाल्या.

साखळ्यांच्या दोन गाड्या हळूहळू वळणे घेत वर गेल्या. आंबेनळीच्या घाटात वाढलेली आमची माणसे वळणास भीत नाहीत, परंतु येथे दरीही पांढरी आणि रस्ताही पांढरा. कडा कोठे संपते ते कळत नाही. देवदारांच्या फांद्यांवरून बर्फाचे ढीग धप्पकन पडत, तेवढाच आवाज. सातच्या सुमारास हॉटेलाच्या दारात गाडी थांबली. मातोश्रींस दोघांनी धरून उतरविले. त्यांनी पायांकडे पाहिले, पायमोज्यावरील बुटाचे टोक बर्फात रुतविले, वाकून मूठभर उचलला, आणि मुलांस म्हणाल्या, “कोरडा आहे रे. पाणी होईल असे वाटले होते.” त्यानंतर खोलीतल्या लाकडे जळणाऱ्या बुखारीपुढे बसून त्यांनी केशर-बदामाचा कहवा घेतला, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भरपूर पाणी प्याल्या, आणि लवकर निजल्या. रात्री दोनदा उठून आम्ही त्यांचा श्वास ऐकला. तो संथ होता.

सकाळी ऊन पडले. पुतणी आपल्या पट्ट्या बांधून बाळउतारावर उभी राहिली. तेथील शिक्षकाने तिला पहिला तासभर एकच गोष्ट शिकविली : पडावे कसे आणि उठावे कसे. ती अठ्ठावीस वेळा पडली. मातोश्री खुर्चीवर बसून मोजत होत्या. एकोणतिसाव्या वेळी ती वीस-पंचवीस हात सरळ आली, आणि दादा, ज्यांनी हा प्रवास होऊ नये म्हणून महिनाभर खल केला होता, ते शिक्षकास विचारू लागले की साठीच्या माणसास पायात बसेल अशी पट्टी मिळते काय.