तांबं खाणारं पाणी

हमरापूर म्हटलं की लोकांना गणपती आठवतो. हमरापूर, जोहे, तांबडशेत, घराघरात कारखाना. मी मूर्ती करत नाही. मी पत्र्याच्या रोलिंग मिलमध्ये पिकलिंगच्या टाकीवर असतो. पाळी सुटली की कविता करतो, आणि सर्किटं. ५५५ आणि ४०१७ या दोन चिपांवर पळती लायटिंग होते. मखरवाले घेतात. चार पैसे सुटतात. कवितेचे सुटत नाहीत.

सर्किटची पट्टी फायबरची. तिच्यावर तांब्याचा पापुद्रा, साधारण ३५ मायक्रॉन. रेषा हव्यात तिथं मार्करची शाई ओढायची आणि पट्टी औषधात टाकायची. शाईखालचं वाचतं, उघडं पडलेलं खलास. ही छापखान्याचीच विद्या. पॉल आइस्लर नावाचा ज्यू इंजिनीअर १९३६ साली व्हिएन्ना सोडून लंडनला गेला, त्यानं असल्या पट्टीवर रेडिओ करून दाखवला. गाव सुटलेला माणूस होता, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

आता औषध कुठलं?

नायट्रिक सोनाराकडं असतं. तांब्याला लागलं की तपकिरी धूर निघतो, तो फुप्फुसं जाळतो. बाद.

संडास धुवायचं ॲसिड आणि केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केलं की तांबं बघता बघता जातं. स्वस्त आहे, पेणच्या कुठल्याही दुकानात मिळतं. त्या ॲसिडच्या बाटलीशी आपल्या लोकांची ओळख तर पिढ्यांची. पण त्याचा वास मी आठ-आठ तास घेतो. मिलमध्ये टाकीवर धूर ओढणारा पंखा तरी आहे. घरात एक खिडकी, तिच्याखाली आई झोपते. शिवाय उरलेलं मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटते. आसपासचे पकड-पाने गंजतात ते वेगळंच.

सोडियम परसल्फेट साहेबी औषध. पाण्यासारखं नितळ, आत तांबं जाताना दिसतं. पण चाळीस-पन्नास डिग्रीवर गरम ठेवावं लागतं, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत पुडी लवकर मरते.

राहिलं फेरिक क्लोराइड. हमरापूर स्टेशनातनं गाडी धरायची, लॅमिंग्टन रोडवरनं तपकिरी खडे आणायचे. पाण्यात खडे टाकायचे, हळूहळू. खड्यांवर पाणी ओतायचं नाही, उकळी फुटल्यागत तापतं. भांडं प्लास्टिकचंच. ते कोमट पाण्याच्या टबात ठेवून हलवत राहिलं की वीसेक मिनिटांत काम होतं. डाग पडतात, जात नाहीत. माझ्या दोन शर्टांवर आहेत. पण धूर नाही. मी हेच घेतो.

आईनं एकदाच विचारलं, "ह्ये पाणी वतशील कुठं?"

औषध निवडायचं तर खरा सवाल हाच. लायनीतला एक म्हणाला, गटारात दे सोडून, कोण बघतंय. मी हिशोब मांडला. १० बाय १५ सेंटिमीटरच्या पट्टीतलं बहुतेक तांबं गेलं तर चार ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे एका पट्टीचं तांबं ८०,००० लिटर पाण्याला त्या मर्यादेला नेऊन टेकवतं. मासे तर त्याहून कमी तांब्यानंही मरतात.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. तेव्हाचा कुलाबा, आजचा आपलाच रायगड जिल्हा. सवर्णांनी नंतर शेण-गोमूत्र टाकून तळं शुद्ध करून घेतलं. आपल्या ओंजळीनं तळं बाटलं नव्हतं. या चार ग्रॅमनं मात्र विहीर खरंच बाटते, आणि ती पहिली बाटेल गटाराच्या तोंडाशी असलेल्या वस्तीची. प्लास्टरच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०२० साली बंदीची नियमावली काढली, तेव्हापासून आमच्या गावात पाण्यावरनं भांडणं आहेत. माझी बाटली कुणाला दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून मी तीच पुडी पुन्हा पुन्हा वापरतो. पार मंदावली की धुण्याचा सोडा चिमटीचिमटीनं टाकतो. फसफसतं, मग हिरवट-तपकिरी गाळ बसतो. वरचं पाणी निळसर दिसलं तर आणखी सोडा. नितळ झालं की पसरट टबात उन्हात आटवतो. पावसाळ्यात काम बंद. गाळ फडक्यानं गाळून सिमेंटात कालवतो आणि डबा भरतो.

दीड डबा झालाय. खाटेखाली आहे. आई रोज झाडताना तो सरकवते आणि पुन्हा जागेवर ठेवते.