हवेने धरलेली काच

छप्पर मागे दुमडता येणारी मोटार तुम्ही सिनेमात पाहिली असेल. कॅलिफोर्नियात राहत असताना माझ्याकडे तशी एक जुनी गाडी होती. छप्पर कापडाचे, मागची काच त्याला नुसती चिकटवलेली. वर्षानुवर्षे ऊन खाऊन आणि छपराची उघडझाप होऊन काचेची कड एके दिवशी कापडापासून सुटली.

मी घाईघाईने गोंद लावला, पाच मिनिटे हाताने दाबून धरला, अन् ‘झालं!’ म्हणालो. त्या रात्री पाऊस आला. सकाळी मागची सीट ओलीचिंब!

“बाबा, जुना गोंद खरवडून काच पुसली होतीस का?” मुलीने विचारले. मी गप्प!

मग रबरी कप असलेले क्लॅम्प आणले. कप काचेवर दाबला की आतली बरीचशी हवा निघून जाते. कप काचेला ओढत नाही बरं का, बाहेरची हवाच त्याला दाबून धरते! दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब सुमारे १ किलो. १६५७ साली जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात ओटो फॉन गेरिके यांनी दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तेव्हा दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सहज सुटेनात.

कपांनी काच पकडली, क्लॅम्पच्या स्क्रूंनी कापड तिच्यावर दाबले. पण त्याआधी आम्ही दोघांनी जुना गोंद तासभर खरवडला, आणि नंतर पूर्ण दिवस गाडीला हात लावला नाही.

पुढच्या पावसात सीट कोरडी राहिली. दाबायचे काम हवेने केले. थांबायचे मात्र मलाच शिकावे लागले!